एक चाल, सात कडवी: बाखचा ईस्टरचा कँटाटा कसा ऐकावा

ईस्टर हा ख्रिस्ती वर्षातला सगळ्यात मोठा आनंदाचा सण. शुक्रवारी क्रुसावर मेलेला येशू रविवारी पहाटे कबरीतून उठला, ही त्या दिवसाची बातमी. अशा सणाचं संगीत ट्रम्पेट-नगाऱ्यांच्या गजरात सुरू व्हावं असं कुणालाही वाटेल, आणि जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखने पुढे ईस्टरसाठी तसं संगीत लिहिलंही. पण तरुणपणी त्याने याच सणासाठी लिहिलेला एक कँटाटा, म्हणजे चर्चमध्ये गायक-वादकांनी सादर करायची रचना, सुरू होतो तो फक्त तंतुवाद्यांवर, संथ लयीत, खाली झुकणाऱ्या दोन स्वरांनी. शोकसभेत बसल्यासारखं वाटावं इतका तो आरंभ गंभीर आहे. कँटाटाचं नाव आहे ‘क्रिस्ट लाग इन टोडेस बांडेन’, म्हणजे ‘ख्रिस्त मृत्यूच्या बंधनांत पडला होता’. बाखच्या रचनांच्या यादीत त्याचा क्रमांक ४.

हा क्रमांक पाहून ही बाखची चौथी रचना असावी असा समज होतो. तसं काही नाही. बाख गेल्यावर शंभर वर्षांनी, १८५० मध्ये, त्याचं सगळं संगीत छापून काढण्यासाठी जर्मनीत एक संस्था स्थापन झाली. तिच्या १८५१ च्या पहिल्याच खंडात दहा कँटाटा होते आणि त्यांत हा चौथा होता. पुढे १९५० मध्ये वोल्फगांग श्मीडरने बाखच्या रचनांची सूची केली तेव्हा कँटाटांसाठी तोच क्रम कायम ठेवला. क्रमांकाचा आणि रचनेच्या काळाचा संबंध नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आता मुळापासून सुरुवात करू. या कँटाटाचे शब्द बाखचे नाहीत, त्याच्या काळातल्या कुणा कवीचेही नाहीत. ते मार्टिन लूथरचे आहेत, १५२४ मधले. १५१७ मध्ये रोमच्या चर्चशी वाद सुरू केल्यावर लूथरने उपासनेची जी नवी घडी बसवली, तिच्यात एका गोष्टीवर त्याचा विशेष भर होता: चर्चमध्ये जमलेल्या साध्या लोकांनी स्वतः गायचं, आणि आपल्या भाषेत गायचं. तोवर उपासनेतलं बहुतेक गायन लॅटिनमध्ये होई आणि ते पाद्री व गायकवृंद करत. लूथर स्वतः ल्यूट हे तंतुवाद्य वाजवणारा, संगीताचा जाणकार माणूस. योहान वाल्टर नावाच्या संगीतकाराच्या मदतीने त्याने जर्मन भक्तिगीतं बांधायला घेतली. १५२४ मध्ये एर्फुर्ट आणि विटेनबर्ग इथे अशा गीतांची पुस्तकं छापून निघाली. लोकांनी एका सुरात म्हणायच्या या कडव्याबद्ध गीतांना कोराल म्हणतात.

लूथरने या कोरालची चाल शून्यातून केली नाही. ईस्टरला गायलं जाणारं अकराव्या शतकातलं एक लॅटिन स्तोत्र होतं, ‘विक्टिमे पास्काली लाउदेस’. जर्मन लोक सणाच्या दिवशी म्हणत असलेलं त्याहून साधं असं एक जुनं ईस्टरगीतही होतं. या दोन्हींच्या वळणावर त्याने नवी चाल बेतली. शब्दांतली मुख्य कल्पनाही त्या लॅटिन स्तोत्रातलीच: मरण आणि जीवन यांची झुंज. सात कडवी, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘हालेलूया’.

लूथरनंतर जवळजवळ दोन शतकांनी बाखने ही सात कडवी हाती घेतली. मधल्या काळात लूथरपंथी चर्चमध्ये एक मोठी परंपरा उभी राहिली होती. रविवारच्या मुख्य उपासनेत बायबलमधला त्या दिवसाचा उतारा वाचला जाई, मग गायक आणि वादक मिळून त्याच विषयावर वीस-पंचवीस मिनिटांची एक रचना सादर करत, आणि तिच्यानंतर पाद्री प्रवचनाला उभा राही. ही रचना म्हणजे कँटाटा. आपल्याकडे कीर्तनकार एक अभंग घेतो आणि त्याच्या चरणाचरणाचं निरूपण करतो. बाखने इथे केलं ते जवळपास तेच, फक्त निरूपणाची भाषा स्वरांची. हे ध्यानात ठेवलं की हा कँटाटा परका वाटत नाही. गाणारा काय सांगतोय याकडे जितकं लक्ष, तितकंच तो ते कसं उलगडतोय याकडेही द्यायचं.

बाखने स्वतःवर घालून घेतलेली बंधनं इथे पाहण्यासारखी आहेत. लूथरच्या सात कडव्यांतला एकही शब्द त्याने गाळला नाही, बदलला नाही, स्वतःचा घातला नाही. सातही कडव्यांत कोरालची चाल कुठे ना कुठे आहेच. आणि आरंभीच्या वाद्यसंगीतापासून शेवटपर्यंत सगळं एकाच स्वरचौकटीत, ई मायनरमध्ये, म्हणजे ई हा आधारस्वर धरून. त्याचे पुढच्या काळातले कँटाटा असे नाहीत. लाइपझिगमध्ये १७२४-२५ साली त्याने जवळजवळ आठवड्याला एक या वेगाने कोरालवर आधारित कँटाटांची मालिका लिहिली. तिथे सहसा कोरालचं पहिलं आणि शेवटचं कडवं जसंच्या तसं ठेवलेलं असे आणि मधल्या कडव्यांचा आशय कुणा कवीकडून नव्या शब्दांत लिहून घेतलेला असे, म्हणजे त्यावर ऑपेराच्या धर्तीचे एकल गायनाचे भाग रचता यावेत. या कँटाटात तसं काही नाही. रचनेच्या काळातही ही पद्धत थोडी जुनीच म्हणायची. बाखच्या आधीच्या पिढीतल्या योहान पाखेलबेलने याच कोरालवर याच रीतीचं काम केलं होतं, आणि बाखचा थोरला भाऊ, ज्याच्या घरी तो आईवडील गेल्यावर वाढला, पाखेलबेलचाच शिष्य होता.

रचनेचा काळ १७०७ च्या आसपासचा मानतात. बाख तेव्हा बावीस वर्षांचा. आर्नस्टाट गावात ऑर्गनवादकाची नोकरी होती, पण तिथे त्याचं बरं चाललेलं नव्हतं. १७०५ च्या शरदात तो चार आठवड्यांची रजा घेऊन ल्यूबेकला डीटरिख बुक्सटेहूडे या ऑर्गनवादकाचं वादन ऐकायला निघाला. अंतर सुमारे ४०० किलोमीटर, आणि तो गेला पायी. परतला तो चारेक महिन्यांनी. चर्चच्या कारभाऱ्यांनी १७०६ च्या फेब्रुवारीत त्याची झाडाझडती घेतली. तिच्यात रजेबरोबर आणखी एक तक्रार होती: कोराल वाजवताना हा त्यात विचित्र फेरफार आणि परके स्वर मिसळतो, त्यामुळे गाणारे लोक गोंधळतात. पुढच्या वर्षी ईस्टरला, २४ एप्रिल १७०७ रोजी, म्यूलहाउझेन गावातल्या सेंट ब्लासियस चर्चमध्ये त्याची नव्या जागेसाठी परीक्षा झाली. हा कँटाटा त्या परीक्षेसाठी लिहिला असावा, असं बहुतेक अभ्यासकांचं मत आहे. लेखी पुरावा नाही, पण मला ते पटतं. चालीत ढवळाढवळ करतो म्हणून बोल खाल्लेला तरुण इथे चालीला घट्ट धरून बसला आहे, आणि तिच्याभोवती काय काय करता येतं ते एकेक करून दाखवतो आहे.

आता ती चाल. ई हा षड्ज धरला तर ती पंचमावर सुरू होते, तीव्र मध्यमाला स्पर्श करते आणि पुन्हा पंचमावर येते. जुन्या लॅटिन स्तोत्रातही असाच एक स्वर खाली जाऊन परत यायचं वळण आहे, पण तिथलं अंतर पूर्ण स्वराचं. बाखच्या इथे ते अर्ध्या स्वराचं झालं आहे. फरक इवलासा, पण त्याने चालीचा चेहराच बदलतो. अर्ध्या स्वराची ही उतरण कानाला उसाशासारखी लागते. आरंभीच्या चौदा मात्राखंडांच्या वाद्यसंगीतात पहिली व्हायोलिनं याच दोन स्वरांपासून निघतात, थबकतात, पुन्हा तेच म्हणतात, आणि मग हळूहळू चालीची पहिली ओळ आकार घेते. पुढच्या वीस मिनिटांत ही उतरण कानावर ठेवायची. कँटाटा ऐकायला याहून जास्त तयारी लागत नाही.

पहिल्या कडव्यात चारही आवाज आहेत, सगळ्यात उंच ते सगळ्यात खालचा: सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास. सोप्रानो चाल लांबवून, एकेका स्वरावर रेंगाळत गातात. खालचे तीन आवाज त्याच चालीचे तुकडे घेऊन एकमेकांच्या मागे धावतात. लांबवलेल्या मूळ चालीभोवती बाकीच्या आवाजांनी जाळं विणायचं, हे बरोक काळाच्या, म्हणजे बाखच्या युगाच्याही आधीपासूनचं तंत्र. शब्द ‘आनंदित व्हावं’ इथे पोचले की स्वरांना वेग येतो, आणि शेवटच्या हालेलूयाला लय दुपटीने वाढते. सुरुवातीच्या गांभीर्यातून हे कडवं अशा वेगात सुटतं की पुढे सगळं असंच असणार असं वाटू लागतं.

पुढचं कडवं तो वेग तिथेच थांबवतं. ‘माणसाच्या लेकरांपैकी कुणालाच मरणाला जिंकता आलं नाही’ हा त्याचा आशय. इथे फक्त सोप्रानो आणि आल्टो, आणि खाली खर्जातलं वाद्य तेच ते पाऊल टाकत चाललेलं. ‘मरण’ या शब्दावर दोघी तीच अर्ध्या स्वराची उतरण एकमेकींकडे देतात: एक म्हणते, थांबते, दुसरी म्हणते. त्यांचे सूर एकमेकांना घासतात, ताण होतो, सुटतो, पुन्हा होतो. शेवटी ‘मरणाने आम्हाला आपल्या राज्यात कैद केलं’ म्हणताना स्वर सुटतच नाहीत, एकमेकांत अडकून पडतात. या कडव्याच्या शेवटीही हालेलूया आहे, कारण लूथरने तो प्रत्येक कडव्यापाशी ठेवलाय आणि बाख त्यातलं काही गाळणार नाही. हा हालेलूयाही तितकाच कष्टी आहे. स्तुतीचा उद्गार इतका थकलेला मी दुसरीकडे कुठे ऐकलेला नाही.

तिसरं कडवं हे या कँटाटातलं माझं सगळ्यात आवडतं. टेनर चाल सरळ गातो, काहीही न सजवता. दोन्ही व्हायोलिनं एकत्र, एकच ओळ, सपासप स्वर टाकत त्याच्याबरोबर धावतात. येशू आला, त्याने पाप दूर केलं, मरणाचा हक्क आणि त्याची सत्ता काढून घेतली. ‘सत्ता’ शब्दाशी व्हायोलिनं एकाच वेळी अनेक तारांवर आघात करतात, तलवारीचे घाव बसावेत तसे. पुढची ओळ आहे: ‘आता उरलं नाही काही, मरणाच्या नुसत्या आकाराखेरीज’. आणि ‘नाही काही’ या जागी संगीत थांबतं. व्हायोलिनं गप्प, खर्ज गप्प. आपल्या कानाने पुढचा स्वर गृहीत धरलेला असतो आणि तो येत नाही. मग अगदी संथ, मोजक्या स्वरांत ‘मरणाचा आकार’ समोर येतो, फिकट, बळ गेलेला. लगेच मूळचा वेग परततो: ‘त्याने आपली नांगी गमावली आहे’. सगळं मिळून काही सेकंदांचं काम. पण ‘शून्य’ हे शब्दात सांगणं सोपं, स्वरात सांगणं फार कठीण, आणि बावीस वर्षांच्या मुलाने ते स्वर काढून घेऊन सांगितलं. ही जागा पहिल्यांदा ऐकताना कानाला लावायचं साधन चांगलं हवं. गाडीत किंवा रस्त्यावर ऐकलं तर ती शांतता बाहेरच्या आवाजात बुडून जाते.

चौथं कडवं बरोबर मधलं. पुन्हा चार आवाज, आणि या वेळी साथीला फक्त खर्ज. ‘ते अजब युद्ध होतं, मरण आणि जीवन भिडले.’ आता चाल आल्टोकडे, म्हणजे आवाजांच्या ऐन गर्दीत. वर सोप्रानो, खाली टेनर आणि बास धुमश्चक्री घालतात आणि आल्टो त्यातून संथपणे आपली चाल नेत राहतो. लूथरचा एक विलक्षण शब्दप्रयोग इथे आहे: ‘एका मरणाने दुसऱ्या मरणाला खाल्लं’. ख्रिस्ताच्या मरणाने मरणालाच गिळून टाकलं, असा त्याचा अर्थ. या ओळीवर बाख तीन आवाजांना तोच तुकडा इतक्या जवळून म्हणायला लावतो की एकाचं वाक्य संपायच्या आत दुसरा त्यावर तोंड टाकतो, त्याच्यावर तिसरा, आणि मग एकेक आवाज विरून जातो. गिळंकृत होणं अक्षरशः ऐकू येतं. त्यानंतरच्या ओळीत मरणाची थट्टा आहे, आणि गाणाऱ्यांच्या स्वरांत ती चेष्टेची उडी स्पष्ट कळते.

इथे थोडं मागे येऊन सांगायला हवं. या कँटाटाबद्दल वाचायला गेलं की त्याच्या समतोल बांधणीचं कौतुक आधी भेटतं: समूह, युगुल, एकल, समूह, एकल, युगुल, समूह. मधल्या चौथ्या कडव्याभोवती दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या जुळतात. हे खरं आहे आणि सुंदरही आहे. पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती बांधणी जाणवत नाही, जाणवायची गरजही नाही. ऐकणाऱ्याला जाणवतं ते मरणाचं बदलत जाणारं रूप: दुसऱ्या कडव्यात अजिंक्य, तिसऱ्यात पोकळ, चौथ्यात गिळलं गेलेलं, पाचव्यात दाराबाहेर अडवलेलं.

पाचव्या कडव्यासाठी बायबलमधली एक गोष्ट माहीत असावी लागते. इजिप्तमध्ये गुलामीत असलेल्या इस्राएली लोकांना देवाने सांगितलं की कोकरू कापून त्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावा. त्या रात्री संहार करत फिरणारा नाश रक्ताची खूण असलेलं घर ओलांडून पुढे गेला. ख्रिस्ती श्रद्धेत येशू हाच ते कोकरू. हे कडवं बास गातो, सगळ्या तंतुवाद्यांच्या साथीने, आणि पहिल्यांदाच लय तीन मात्रांची होते. सुरुवातीला खर्जातलं वाद्य अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली उतरत जातं. बरोक संगीतात ही शोकाची रूढ खूण, त्या काळच्या ऐकणाऱ्याला चटकन कळणारी. बास एकेक ओळ गातो आणि तीच ओळ व्हायोलिनं वरून पुन्हा म्हणतात. रक्ताची खूण श्रद्धा ‘मरणापुढे धरते’ या शब्दांशी बासचा आवाज एकदम खोल कोसळतो, त्याच्या पल्ल्याच्या तळापर्यंत. पाठोपाठ ‘संहारक’ हा शब्द येतो, जवळजवळ दोन सप्तकं वर, आणि गायक तो उंच स्वर दमसास पणाला लावून धरून ठेवतो. ‘संहारक आता आम्हाला अपाय करू शकत नाही.’ ही उडी चांगल्या-चांगल्या बास गायकांची कसोटी पाहते.

सहावं कडवं सणाचं आहे, सोप्रानो आणि टेनरचं. खर्जात फ्रेंच दरबारी संगीतातली लंगडत चालणारी डौलदार लय आहे आणि ओळींच्या टोकाला तीन-तीन स्वरांच्या लडी उलगडतात. दोन आवाज आता घासत नाहीत, हातात हात घालून चालतात. प्रसन्न आहे, त्यावर फार बोलायला नको. सातव्यात सगळे एकत्र, चार आवाजांत कोराल साधा, ओळीमागून ओळ. विषय ईस्टरच्या भाकरीचा: जुनं खमीर नको, ख्रिस्त हाच आहार.

सातव्या कडव्याबद्दल एक कोडं आहे. बाखच्या हातची मूळ स्वरलिपी आज उपलब्ध नाही. जे उरलं ते लाइपझिगमध्ये १७२४ आणि १७२५ च्या ईस्टरसाठी गायक-वादकांना वाटलेले सुटे कागद. १७२३ पासून बाख तिथे सेंट थॉमस चर्चच्या शाळेत कांटोर, म्हणजे संगीतप्रमुख होता, आणि १७२४ च्या त्या ईस्टरच्या दोनच दिवस आधी त्याने सेंट जॉन पॅशन हे येशूच्या मरणकथेवरचं मोठं संगीत पहिल्यांदा सादर केलं होतं. अशा धबडग्यात सतरा वर्षांपूर्वीचं काम बाहेर काढणं समजण्यासारखं आहे. पण त्याला ते जुनाट वाटलं असतं तर लगेच पुढच्या वर्षी पुन्हा गाऊन घेतलं नसतं. त्या वेळी गाणाऱ्यांच्या आवाजाला कोर्नेट आणि तीन ट्रोम्बोन या फुंकून वाजवायच्या वाद्यांची जोडही मिळाली. शेवटचा साधा कोराल लाइपझिगच्या काळातला आहे. १७०७ मध्ये त्या जागी बहुधा पहिल्या कडव्याचंच संगीत सातव्या कडव्याच्या शब्दांवर पुन्हा म्हटलं जात असावं. तसं असेल तर मूळ शेवट आजच्यापेक्षा खूपच घोडदौडीचा होता.

ध्वनिमुद्रणं भरपूर आहेत आणि ती एकमेकांपासून फार वेगळी वाटतात. त्यामागे एक वाद आहे. १९८१ मध्ये जोशुआ रिफ्किन या अमेरिकी संगीतकाराने मांडलं की बाखच्या काळी अशा रचनांत प्रत्येक आवाजाला एकच गायक असे, म्हणजे ज्याला आपण समूहगान समजतो ते खरं तर चौघांचं गायन. दुसरी बाजू बाखच्याच १७३० च्या एका अर्जाकडे बोट दाखवते. त्यात त्याने लाइपझिगच्या नगरसभेकडे प्रत्येक आवाजासाठी किमान तीन-चार गायक मागितले होते. वाद अजून मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर पहिलं आणि सातवं कडवं समूहाच्या आवाजात अधिक भरतं, पण चौथ्याला चौघेच हवेत. तिथे प्रत्येक आवाज सुटा ऐकू आला तरच कोण कुणाला गिळतंय ते कळतं.